मांजर दवाखान्यात न्यायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मांजरवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मांजर पाळणं नवं नाही. मांजराला दवाखान्यात नेणं मात्र बऱ्याच घरांना नवं आहे. गुरांच्या दवाखान्यात म्हैस जाते, शेळी जाते. मांजर आजारी पडलं तर कोपऱ्यात बसून आपोआप बरं होतं, अशी जुनी समजूत. आता लोक नेऊ लागलेत, आणि पहिल्याच खेपेला हातावर ओरखडे घेऊन परत येतात. खालचे प्रश्न त्या ओरखड्यांतूनच आलेत.

कुत्रं गाडी बघून शेपूट हलवतं. मांजरच एवढं का घाबरतं?

कुत्र्याचा जीव माणसात असतो, मांजराचा जागेत. दाराची चौकट, खाटेचा पाय, तुमची पोटरी, जिथं जिथं ते गाल घासतं तिथं तिथं ते आपल्या वासाची खूण ठेवतं. या खुणांच्या आत ते निवांत असतं. दवाखान्यात यातलं काहीच नसतं. उलट फिनेल, स्पिरिट, कुत्री, आणि आधीच्या घाबरलेल्या मांजरानं टेबलावर सोडलेला वास असतो.

पण भीतीची सुरुवात दवाखान्यात होत नाही. मांजर न्यायची माळ्यावरची पेटी खाली उतरताना जो खडखडाट होतो, तिथंच होते. वर्षातून दोनदा पेटी उतरते आणि दोन्ही वेळा सुई टोचली जाते, हा हिशेब मांजराला बरोबर जमतो. म्हणून या पानावर टेबलापेक्षा घरातल्या तयारीवर जास्त लिहिलंय.

मांजर घाबरलंय की चिडलंय, हे कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा चिडलेलं दिसतं ते घाबरलेलंच असतं. बाहुल्या मोठ्या काळ्या होतात, कान आडवे पडतात, शेपूट अंगाशी घट्ट, चारही पाय पोटाखाली. केस एकाएकी गळायला लागतात. मांजराला घाम फक्त तळव्यांना येतो. त्यामुळं स्टीलच्या टेबलावरून मांजर उचललं आणि खाली चार ओली, पाकळ्यांसारखी पावलं उमटलेली दिसली, तर गप्प बसलेलं ते मांजर आतून किती हादरलंय हे कळतं. गप्प मांजर म्हणजे शहाणं मांजर, असं समजू नका. घुरघुरणंही नेहमी सुखाचं नसतं. दुखत असलं, भीती वाटली तरी मांजर घुरघुरतं.

तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर मात्र तिथंच थांबा. कुत्र्याला हे चालतं, मांजराला नाही. पेटी सावलीत, वाऱ्याला ठेवा आणि डॉक्टरांना लगेच सांगा.

पाच मिनिटांचं काम. भ्यालं तर भ्यालं, एवढं काय त्यात?

भीतीनं तपासणीच चुकते. घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर २०० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत चढू शकते, म्हणजे नसलेला मधुमेह असल्यासारखा दिसतो. (अशा वेळी फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी उपयोगी पडते, कारण ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवते.) रक्तदाब, नाडी, ताप सगळंच वर जातं. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट; भ्यालेल्या मांजराचं १०३ आलं तर ताप खरा की भीतीचा, हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. पोट ताठ केलेलं असेल तर आतलं हाताला लागत नाही.

आणि दुसरं, पुढच्या खेपेला ते मांजर हाती लागत नाही. मग लस राहते आणि दातांचं दुखणं वर्षभर तसंच कुजतं.

पेटी कशी घ्यावी?

टणक प्लॅस्टिकची, पुढं दार असलेली आणि वरचं अर्धं झाकण क्लिपा काढून पूर्ण सुटणारी. पैसे मोजायचे ते या सुटणाऱ्या झाकणासाठी. झाकण सुटलं की मांजराला ओढून बाहेर काढावं लागत नाही. खालच्या अर्ध्या भागात बसल्या बसल्या तपासता येतं. चार-पाच किलोच्या मांजराला साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद-उंच पेटी पुरते. आत उभं राहून वळता आलं पाहिजे, पण फार मोठी नको. मोठ्या पेटीत वळणावर मांजर घरंगळतं.

खाली वाकळीचा तुकडा घाला. नवा टॉवेल नको, घरातला वापरातला, मांजर ज्यावर झोपतं तोच. नुसत्या प्लॅस्टिकवर पाय सरकतात आणि पाय सरकला की मांजर आणखी बावरतं.

पाठीवरच्या पारदर्शक घुमटाच्या बॅगा सध्या फार दिसतात. फोटोला छान. उन्हात आतली हवा तापते आणि लपायला जागा नाही, चारी बाजूंनी जग अंगावर येतं. आम्ही त्या घ्यायला सांगत नाही. कापडी बॅग असेल तर चेनचे दोन्ही लगाम सेफ्टी पिननं एकमेकांत अडकवा. आतून नाक खुपसून चेन सरकवणं मांजराला दोन मिनिटांत जमतं.

बुट्टी, पोतं, पिशवी नाही चालत?

पोतं अजिबात नको. त्यात दिसत नाही, श्वास कोंडतो, आणि सोडताना मांजर कुठल्या बाजूनं निघेल याचा नेम नाही. बुट्टीवर बुट्टी पालथी घालून सुतळीनं बांधतात, तेही फसवं: वेत लवतो, फट पडते आणि नेमकं रिक्षा थांबल्यावर मांजर बाहेर.

पेटी घेणं परवडत नसेल तर भाजीचे प्लॅस्टिकचे दोन सारखे क्रेट घ्या. एकावर एक, तोंडाला तोंड लावून ठेवा. एका लांब बाजूला तीन ठिकाणी केबल टाय सैलसर बांधा, त्या बिजागऱ्या झाल्या. आत वाकळ घाला, मांजर ठेवा, आणि समोरच्या बाजूला तीन टाय घट्ट आवळा. खिशात छोटी पकड किंवा कात्री पाहिजेच, नाहीतर दवाखान्यात पोचून टाय तोडायला धावाधाव होते. भोकं तुमच्या दोन बोटांपेक्षा मोठी असतील तर पिल्लाला हे चालणार नाही. क्रेट सगळीकडून उघडा असतो, म्हणून वरून चादर हवी. उचलताना खालून दोन्ही हात.

पेटीची सवय लावायची कशी? आमचं मांजर पेटी बघून पळतं.

पळतं, कारण पेटी त्याच दिवशी दिसते. आधी ती माळ्यावरून कायमची खाली आणा. मांजर जिथं दुपारचं लवंडतं तिथं, भिंतीला लागून ठेवा. दोन-तीन आठवडे हाताशी धरा.

पहिले तीन-चार दिवस फक्त खालचा अर्धा भाग, वाकळ घालून. मांजर आत गेलंच पाहिजे असा आग्रह नको, नुसतं वास घेऊन गेलं तरी पुरे. मग त्यात खाऊ टाकायला लागा: उकडलेल्या चिकनचे चिंचोक्याएवढे तुकडे, मीठ-कांदा-लसूण न घातलेले. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळं रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका. सुकट आवडत असेल तर कोमट पाण्यात धुऊन, दोन-चार काड्याच. आठवड्याभरानं रोजच्या जेवणाची वाटी आत सरकवा, दर दिवशी थोडी आणखी मागं.

आत बसून निवांत जेवायला लागलं की वरचं झाकण बसवा, दार नको. दोन दिवसांनी दार बसवा, पण उघडंच ठेवा. मग एक दिवस ते खात असताना दार लोटा, दहा आकडे मोजा, उघडा. खाऊ संपायच्या आत दार उघडलं पाहिजे, यात सगळं आलं. दार उघडायला उशीर झाला आणि मांजरानं पंजानं ओरबाडायला सुरुवात केली, की आठवड्याची मेहनत गेली. दहाचे तीस करा, तिसाचा मिनिट. मग पेटी उचला, खोलीत एक फेरी, खाली ठेवा. मग अंगणापर्यंत. मग बंद गाडीत पाच मिनिटं. मग इंजिन सुरू करून. मग गल्लीतून एक चक्कर आणि घरी.

दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटं. जिथं मांजर खायचं थांबतं तिथं तुम्ही घाई केलीय. एक पायरी मागं या. उचलताना पेटी वरच्या मुठीनं धरून लोंबकळत नेऊ नका. खालून हात घालून छातीशी धरा. मुठीनं नेली की प्रत्येक पावलाला आत झोका बसतो.

एवढा वेळ नाही, आजच न्यायचंय. मग?

मग पाठलाग टाळा. कौलारू घर असेल तर मांजर एका उडीत तुळईवर, तिथून कौलांत. मग दिवस गेला. आदल्या रात्रीच त्याला माळा नसलेल्या खोलीत किंवा न्हाणीघरात पाणी, खाणं आणि मातीची कुंडी देऊन ठेवा. सकाळी पेटी दुसऱ्या खोलीत तयार करा, दार वरच्या बाजूला येईल अशी उभी. मांजराला अंगाशी धरून, तोंड तुमच्याकडं आणि मागचे पाय आधी, अलगद आत सोडा. पुढच्या तोंडानं ढकलाल तर चारही पाय काठाला लावून धरेल.

धरू देत नसेल तर अंगावर जाडसर टॉवेल टाकून, डोकं झाकून, टॉवेलसकट उचला आणि टॉवेलसकटच पेटीत ठेवा. टॉवेल नंतर काढायचा नाही, तेच त्याचं लपणं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. बोका सारखा मातीत बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये, तर सवय वगैरे काही बघू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. पोतं सोडून जे मिळेल त्यात घालून त्याच तासाला न्या.

उपाशी न्यायचं की खायला घालून?

साध्या तपासणीला किंवा लसीला पोट भरलेलं नको: निघण्याआधी दोन-तीन तास खाणं बंद, पाणी चालू. गाडीत ओकणं टळतं आणि टेबलावर खाऊला तोंड लावण्याइतकी भूक राहते. नसबंदी किंवा भूल असेल तर किती तास उपाशी ठेवायचं हे डॉक्टर सांगतील तसंच. पिल्लांना रात्रभर उपाशी ठेवू नका, त्यांची साखर पटकन उतरते.

भीती कमी करायची गोळी असते का?

असते. मांजरांसाठी बहुतेक ठिकाणी गॅबापेन्टिन देतात. माणसांना मज्जातंतूच्या दुखण्यावर देतात तेच औषध. चार-पाच किलोच्या निरोगी मांजराला सहसा १०० मिलिग्रॅम, लहानखुऱ्या किंवा म्हाताऱ्याला ५०, निघायच्या दोन-तीन तास आधी. फारच भित्र्या मांजराला आदल्या रात्रीही एक मात्रा देतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बरीच कमी करावी लागते. आकडे सांगितले ते डॉक्टरांशी बोलताना कळावं म्हणून. मात्रा त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आधी फोन करून किंवा मांजराशिवाय एक चक्कर मारून.

चूक होते ती औषधाच्या दुकानात. गॅबापेन्टिनमध्ये मेकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिन मिसळलेल्या गोळ्या आपल्याकडं सर्रास मिळतात आणि चिठ्ठीत नुसतं नाव असलं की दुकानदार तीच पुढं करतो. नॉरट्रिप्टिलिनवाली मांजराला देऊ नका. पाकिटावर फक्त गॅबापेन्टिन हेच नाव आणि १०० हाच आकडा आहे का बघा. ३०० ची कॅप्सूल फोडून अंदाजे तिसरा भाग काढणं हा जुगार आहे.

द्यायची कशी? कॅप्सूल उघडून पूड चमचाभर वासाच्या खाण्यात, म्हणजे माशाच्या कुस्करात कालवा. पूड कडू असते. जीभेला लागली तर तोंडाला फेस येतो. घाबरू नका, पण पुन्हा त्या खाण्याला ते तोंड लावणार नाही. म्हणून आधी साधा एक घास, मग औषधाचा, मग पुन्हा साधा. खरी वेळ यायच्या चार-आठ दिवस आधी सुट्टीच्या दिवशी एकदा घरी देऊन बघा. मांजर झिंगल्यासारखं चालेल, मागचे पाय लटपटतील, झोपेल. असर आठ ते बारा तास राहतो, तोवर गॅलरी, जिना, विहिरीचा कठडा बंद.

माणसांची झोपेची गोळी, सर्दीची गोळी, पॅरासिटामॉल: काहीही नाही. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

फेरोमोनचा स्प्रे उपयोगी पडतो का?

थोडाफार. मांजर गाल घासून जी खूण ठेवतं तिची ती नक्कल असते. पेटीच्या आत कोपऱ्यांत आणि वाकळीवर आठ-दहा फवारे मारा, आणि मांजर आत घालायच्या आधी १५ मिनिटं थांबा, कारण त्यातलं अल्कोहोल उडून जावं लागतं. मांजराच्या अंगावर मारायचा नाही. महाग आहे. पैसा एकाच गोष्टीवर घालायचा असेल तर झाकण सुटणाऱ्या पेटीवर घाला.

आमच्याकडं फक्त स्कूटर आहे.

बहुतेकांकडं तेच आहे. दोघं जा. मागं बसणाऱ्यानं पेटी मांडीवर आडवी, दोन्ही हातांनी धरायची. हँडलच्या हुकाला पिशवी अडकवणं सगळ्यात वाईट, गुडघ्याचे धक्के आणि हॉर्न थेट कानात. पेटी तिन्ही बाजूंनी पातळ चादरीनं झाका, वाऱ्याची बाजू मोकळी नको, पाठीकडची थोडी उघडी. पावसाळ्यात वरून प्लॅस्टिक टाकाल तर एक बाजू पूर्ण खुली ठेवा. गच्च गुंडाळलेल्या प्लॅस्टिकमध्ये दहा मिनिटांत आत घाम सुटतो. एकटे असाल तर सरळ रिक्षा करा आणि पेटी मांडीवर घ्या, बुडाखाली घडी घातलेला टॉवेल म्हणजे थरथर कमी पोचते.

चारचाकीत पेटीची जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागची जमीन, तिथं ती हलत नाही. सीटवर ठेवायची तर पट्टा लावून. मांजराला गाडीत मोकळं सोडू नका, ते ब्रेकच्या पायाखाली जातं.

खानापूर, नंदगड किंवा घाटाकडून यायचं तर?

खानापूरहून बेळगाव पंचवीस-एक किलोमीटर, फार नाही. निपाणीकडच्यांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं, तेच करा. मांजराला राज्याची हद्द कळत नाही, अंतर कळतं. चोर्ला घाटातून येत असाल तर वळणांनी ओकारी होते, म्हणून चार तास आधी खाणं बंद. पेटीत वाकळीखाली जुनी वर्तमानपत्रं घाला आणि बदलायला एक जादा वाकळ जवळ ठेवा. वाटेत हवा खायला म्हणून पेटी उघडू नका. उन्हाळ्यात अथणी, रायबागकडून निघायचं असेल तर सकाळी लवकर. उभ्या बंद गाडीत मांजर एकटं पाच मिनिटंसुद्धा नको.

कुठली वेळ घ्यावी?

दवाखाना उघडल्या उघडल्या किंवा अगदी शेवटची. रविवारी सकाळी कुत्र्यांची गर्दी असते. गणपती विसर्जन, शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, दिवाळीची संध्याकाळ हे दिवस लसीला निवडू नका. रस्ते बंद असतात, ढोल आणि डॉल्बी मांजराच्या कानाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतात.

नंबर लागेपर्यंत कुठं बसायचं?

आत नाही. एकानं नंबर लावायचा, दुसऱ्यानं मांजर घेऊन गाडीत किंवा झाडाखाली थांबायचं. आत बसणं भागच असेल तर पेटी जमिनीवर ठेवू नका; कुत्र्याचं नाक बरोबर त्या उंचीला येतं. मांडीवर किंवा खुर्चीवर, दार भिंतीकडं, वरून चादर. दुसऱ्या मांजराच्या पेटीसमोर पेटी नको, मांजरं टक लावून भांडतात.

आणि चादर वर करून शेजाऱ्यांना मांजर दाखवू नका. सगळ्यात जास्त हेच होतं.

टेबलावर काय सांगायचं डॉक्टरांना? ते रागावतील का?

चांगल्या शब्दांत सांगितलं तर सहसा नाही. त्यांनाही ओरखडे नकोच असतात. आधी म्हणायचं, “डॉक्टर, हे फार भित्रं आहे. झाकण काढतो, खालच्या भागातच बसू दे का?” मग खोलीचं दार आणि खिडक्या लावून घ्या, पंखा बंद करा. पंखा बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मांजर उसळून कपाटावर गेलं की लक्षात येतं.

क्लिपा टकटक वाजतात, हळू सोडा. झाकण एकदम उचलू नका: आधी टॉवेल झाकण आणि बुड यांच्या फटीतून आत सरकवा, मग झाकण वर घ्या, म्हणजे झाकण गेलं तरी टॉवेल अंगावर राहतो. आता डॉक्टर एका वेळी एकच भाग उघडा करून बघू शकतात. कमी त्रासाचं आधी: बघणं, छाती ऐकणं, पोट चाचपणं. कान, तोंड नंतर. गुदद्वारातला थर्मामीटर आणि सुई शेवटी. थर्मामीटर आजच लागणार आहे का, हेही विचारायला हरकत नाही. रक्त मागच्या पायातून घेता येतं, दरवेळी मान ताणावी लागत नाही.

तुम्ही डोक्याच्या बाजूला उभे राहा, खाऊ जिभेजवळ धरा, आवाज हळू. सारखं “काही नाही, काही नाही” म्हणत थोपटू नका. थोपटणारा हातच अनेकदा चावला जातो. धरायचं काम सवयीच्या माणसाला करू द्या.

नखं आदल्या दिवशी घरी कापून ठेवा, फक्त पांढरं टोक, गुलाबी भागाच्या अलीकडं. आणि मांजर दवाखान्यात लंगडत नाही, खोकत नाही. तिथं सगळं आवळून बसतं. घरी मोबाइलवर तीस सेकंदांचं चित्रण घेऊन जा. झोपेतले श्वास मिनिटाला किती तेही मोजून न्या. ३० च्या आत असावेत.

मानगूट धरून उचललं की मांजर शांत होतं, हे खरं ना?

ते शांत होत नाही, थिजतं. आई पिल्लाला तोंडात धरते ती पहिल्या काही आठवड्यांत. चार किलोच्या बोक्याला तसं लोंबकळवणं म्हणजे त्याच्या लेखी शिकाऱ्यानं धरणं. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ च्या मार्गदर्शनातही हे टाळायला सांगितलंय.

त्याऐवजी टॉवेल. अंघोळीचा मोठा टॉवेल पसरा, मांजर एका टोकापासून तिसऱ्या हिश्श्यावर बसवा, टॉवेलची कड मानेच्या पुढं. छोटी बाजू पाठीवरून घेऊन पलीकडं अंगाखाली खोचा, मग लांब बाजू पूर्ण फिरवून आवळा. मानेशी दोन बोटं जाण्याइतकी सैल. सैल पडला तर पुढचा पंजा आधी बाहेर येतो, म्हणून पंजे आत दुमडले गेलेत ना हे बघूनच दुसरी बाजू फिरवायची.

एवढं करूनही जमलं नाही तर झटापट करू नका. दोन-तीन मिनिटांत आवरत नसेल तर थांबावं, आणि हलक्या भुलीचं इंजेक्शन देऊन काम करावं किंवा गोळी देऊन दुसऱ्या दिवशी यावं. चौघांनी दाबून धरलेलं मांजर पुढच्या वेळी आठ जणांना आवरत नाही.

डॉक्टरांना घरीच बोलावलं तर?

लस, नखं, साधी तपासणी यांना उत्तम. एक्स-रे, सोनोग्राफी, श्वासाचा त्रास यांना नाही. ते यायच्या आधी मांजराला एका लहान खोलीत ठेवा, नाहीतर डॉक्टर चहा पिऊन परत जातात आणि मांजर संध्याकाळी माळ्यावरून उतरतं.

१९६२ या क्रमांकावर फिरता पशुदवाखाना मिळतो, पण त्याचा भर गुराढोरांवर असतो. मांजरासाठी येतील का हे फोनवरच विचारा.

कंपाउंडरला मराठी येत नसेल तर?

चार कन्नड वाक्यं पाठ ठेवा, इकडच्या बोलीतली. “नम्म बेक्कु बाळ अंजतैत्री”: आमचं मांजर फार घाबरतं. “स्वल्प निधान माड्री”: जरा सावकाश करा. “कुत्तिगी हिडीब्याड्री”: मान धरू नका. “बागला हाक्री”: दार लावा. शेवटचं सगळ्यात आधी म्हणायचं.

पिल्लाला कधीपासून न्यावं?

सहा-आठ आठवड्यांपासून. त्रिगुणी (तीन आजारांवरची एकत्र) लस तेव्हा सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची १२ आठवड्यांना, मग वर्षानं पुन्हा. दोन लसींच्या मध्ये एखाद्या वेळी नुसतं वजन करायला न्या. वजन, खाऊ, घरी. सुईविना झालेली अशी एक खेप पुढची दहा वर्षं कामाला येते.

पेटीत लघवी झाली, धुवायची कशानं?

साबण आणि कोमट पाणी, मग ऊन. फिनेल नको, त्यातली द्रव्यं मांजराला विषारी असतात. वास राहिला तर खायचा सोडा चोळून तासभर ठेवा.

घरी आल्यावर आमचं दुसरं मांजर याच्यावर फिसकारतं. काल तर एका ताटात जेवत होती.

काल वास घरचा होता, आज दवाखान्याचा आहे. परत आलेल्याला वेगळ्या खोलीत ठेवा, निदान काही तास, भूल दिली असेल तर रात्रभर. ते स्वतःला चाटून घेऊ दे. घरातल्या वाकळीनं दोघांना आळीपाळीनं पुसा, मग दाराच्या फटीतून दोन्ही बाजूंना खाऊ. फिसकारणं थांबल्यावर दार उघडा. ओरडून, पाणी मारून सोडवलेलं भांडण महिनाभर चालतं. दोघांनाही वर्षाची लस एकाच दिवशी, वेगळ्या पेट्यांत नेली तर हा प्रश्न बराचसा येत नाही.

एवढं करूनही मला चावलं. हळद दाबली, चालेल ना?

नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग आयोडिनचं औषध लावा. हळद, चुना, तिखट काही भरू नका, पट्टी गच्च बांधू नका. त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागू शकतं, तसं विचारा. मांजराच्या लसीचं कार्ड बरोबर न्या, पण कार्ड आहे म्हणून घरी बसू नका.

मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून टिंब दिसतं, आत खोल जातो आणि तोंड लगेच मिटतं. बोटाच्या सांध्याजवळ चावलं असेल तर बारा ते चोवीस तासांत हात सुजून लाल होतो, मग तोंडानं घ्यायच्या गोळ्या पुरत नाहीत आणि भरती व्हावं लागतं. मधुमेह असलेल्यांनी सूज यायची वाटच बघू नये. बोटातली अंगठी आधी काढून ठेवा. सूज चढली की ती कापावी लागते.